लॅपटॉपमधले दुसरे यंत्र आणि पिठाचा कोंबडा

मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की छत्तीसगडात नौतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत रायपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो आणि टेबलावर उघडा पडलेला रास्पबेरी पायचा बोर्ड हात लावला तर चटका देतो. चिपचे तापमान ८० अंशांपर्यंत चढले की तो बोर्ड आपला वेग आपणच कमी करतो. आता त्याच खोलीत, त्याच दुपारी, त्याच बोर्डची ऑपरेटिंग सिस्टिम लॅपटॉपवर क्यूएमू नावाच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे दुसऱ्या यंत्राचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवावी आणि तिच्या तापमापकाला तापमान विचारावे. उत्तर येते २५ अंश. रात्री विचारले तरी २५, डिसेंबरात विचारले तरी २५. क्यूएमू लिहिणाऱ्यांनी त्या तापमापकाच्या जागी हा एकच आकडा कायमचा बसवून ठेवला आहे.

हे उत्तर खोटे म्हणायचे का? ऑपरेटिंग सिस्टिमने तापमापकाला नियमानुसार विचारले, तापमापकाने नियमानुसार उत्तर दिले, मध्ये कुठेही चूक झाली नाही. आणि तरीही त्या खोलीत २५ अंश कुठेच नव्हते. अनुकरणाने उभे केलेले यंत्र हे खरे यंत्र आहे की नाही, आणि त्यात घडलेली गोष्ट खरोखर घडली असे म्हणता येईल की नाही, हा प्रश्न अभियांत्रिकीपेक्षा तत्त्वज्ञानाचा जास्त आहे. रायपूरच्या आसपासच्या मातीत त्यावर विचार करण्याची सामग्रीही विपुल आहे.

आधी यंत्राकडे पाहू. रास्पबेरी पाय हा हाताच्या पंजात मावणारा संपूर्ण संगणक. केंब्रिजच्या रास्पबेरी पाय फाउंडेशनने तो २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आणला, तेव्हा त्याच्या मुख्य मॉडेलची किंमत ३५ डॉलर होती. मुलांच्या हाती स्वस्त यंत्र पडावे, त्यांनी ते उघडून, जोडून, बिघडवून शिकावे, हा एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हेतू होता. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन लिनक्सवर बेतलेली. आधी तिला रास्पबियन म्हणत, २०२० पासून ती रास्पबेरी पाय ओएस झाली. २०२१ पासून दोनेक वर्षे चिपटंचाईमुळे हे बोर्ड जगभरच दुर्मीळ झाले आणि मिळाले तर चढ्या भावाने मिळत. हाती बोर्ड नाही पण शिकायचे तर आहे, अशा वेळी लॅपटॉपवरच बोर्ड उभा करण्याची वाट अनेकांनी धरली. जी. ई. रोडवरच्या एनआयटीत किंवा नवा रायपूरच्या ट्रिपल आयटीत शिकणाऱ्या एखाद्याला आज ती वाट धरायची असेल तर पैसा लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल उतरवून घ्यायची, तिचा आकार दोनाच्या घातात बसवायचा, कारण क्यूएमूला त्याहून वेगळ्या आकाराचे एसडी कार्ड चालत नाही, आणि मग कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), कार्ड व मॉडेलचे नाव देऊन यंत्र सुरू करायचे.

अडचण अशी की दोन्ही प्रोसेसरांची भाषा वेगळी. बोर्डवरचा प्रोसेसर आर्म जातीचा, बहुतेक लॅपटॉपमधला इंटेल किंवा एएमडीचा. एकाच्या सूचना दुसऱ्याला कळत नाहीत. फ्रेंच संगणकतज्ज्ञ फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये क्यूएमू प्रथम प्रसिद्ध केले, ते हीच दरी ओलांडण्यासाठी. पाहुण्या यंत्राच्या सूचनांचा एक छोटा गट घ्यायचा, तो यजमान प्रोसेसरच्या भाषेत उतरवायचा, चालवायचा, आणि पुन्हा तोच गट आला तर आधीचा उतारा वापरायचा. रायपूरला असे काम अनोळखी नाही. मराठीभाषक घरात जन्मलेले आणि रायपुरातच १९२६ साली निवर्तलेले माधवराव सप्रे यांनी दासबोध हिंदीत आणला, टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. मराठीचे एक अक्षरही न येणाऱ्या वाचकाने त्यांच्या हिंदीतून टिळकांचा युक्तिवाद समजून घेतला आणि त्याच्याशी वादही घातला, तर तो वाद टिळकांशीच झाला असे आपण मानतो. विचार एका माध्यमातून दुसऱ्यात नेला म्हणून तो नकली होत नाही, ही गोष्ट आपण पुस्तकाच्या बाबतीत सहज मान्य करतो आणि यंत्राच्या बाबतीत मात्र अडखळतो.

हा अडखळा ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ सालीच दूर करायला घेतला होता. कोणत्याही गणनयंत्राचे पूर्ण वर्णन लिहून दिले, तर ते वर्णन वाचून त्या यंत्रासारखेच वागणारे एक सर्वसमावेशक यंत्र असू शकते, हे त्यांनी गणिताने दाखवले. प्रत्यक्ष संगणक तेव्हा अस्तित्वात नव्हते. पुढे १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम ३६० ही मालिका जाहीर केली तेव्हा जुन्या १४०१ यंत्रांवरचे प्रोग्रॅम टाकून द्यायला ग्राहक तयार नव्हते. नव्या यंत्रांत जुन्या यंत्राचे अनुकरण घालूनच ती विकावी लागली. आणि १९७५ ची गोष्ट तर फारच बोलकी आहे. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअर ८८०० या यंत्रासाठी बेसिक भाषा लिहिली, तेव्हा त्यांच्यापाशी अल्टेअर नव्हताच. ॲलन यांनी हार्वर्डच्या पीडीपी-१० संगणकावर त्याच्या प्रोसेसरचे अनुकरण तयार केले आणि सगळे लेखन त्या अनुकरणावर तपासले गेले. मग ॲलन कागदी फीत घेऊन अल्बुकर्कला गेले, खऱ्या अल्टेअरवर ती चढवली आणि दोन अधिक दोन विचारले. उत्तर चार आले. हार्वर्डच्या यंत्रात झालेली बेरीज ही बेरजेचे नाटक असती, तर अल्बुकर्कमध्ये ती चालली नसती.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये उलट बाजूचा मुद्दा मांडला होता. संगणकावर पावसाचे अनुकरण केले तर कोणी भिजत नाही. आगीचे अनुकरण केले तर मोहल्ला जळत नाही. म्हणून मनाचे अनुकरण केले तर मन निर्माण होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन. सर्ल यांच्या उदाहरणात बळ आहे यात शंका नाही, पण ते सगळीकडे सारखे लागू पडत नाही. पावसाचे अनुकरण ओले नसते. बेरजेचे अनुकरण मात्र बेरीजच असते. एम्युलेटरमधली ऑपरेटिंग सिस्टिम फाइल लिहिते तेव्हा फाइल खरीच लिहिली जाते; ती तापमान सांगते तेव्हा मात्र ते कुठलेच तापमान नसते. एकाच यंत्रात, एकाच क्षणी, दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदत असतात. त्यामुळे संपूर्ण यंत्रावर खरे किंवा खोटे असा एकच शिक्का मारण्याचा हट्ट सोडावा लागतो.

आपल्याकडे अशा प्रसंगी पहिल्यांदा आठवतो तो परकायाप्रवेश. शंकराचार्यांच्या चरित्रपरंपरेत ते मंडनमिश्रांच्या पत्नीच्या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी मृत अमरुक राजाच्या देहात शिरतात, शिष्य त्यांचा मूळ देह गुहेत सांभाळतात, आणि राजवैभवात गुरूला स्वतःचा विसर पडू लागतो तेव्हा तेच शिष्य येऊन त्यांना जागे करतात. जुनी वस्त्रे टाकून नवी घालण्याचा गीतेतला दृष्टान्तही ओठांवर येतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आत्मा, बोर्ड म्हणजे देह, आणि लॅपटॉप म्हणजे दुसरा देह, अशी जुळणी करून मोकळे व्हायचा मोह होतो. तो आवरलेला बरा. एम्युलेटरमध्ये काहीच निघून जात नाही आणि काहीच प्रवेश करत नाही. मूळ कार्ड बोर्डमध्येच राहते, त्याची एक प्रत लॅपटॉपवर चालते, दुसरी प्रत शेजारच्या खोलीत चालते, आणि तिन्ही एकाच वेळी चालू असतात. गुहेत जपून ठेवलेला देह इथे नाही, कारण कोणी देह सोडलाच नाही. आत्म्याच्या एकत्वावर उभी असलेली कल्पना अशा यंत्राला लावली तर आत्मा आणि यंत्र या दोहोंविषयी गैरसमज होतो.

रायपूरपासून फार दूर नसलेले चंपारण जास्त उपयोगी पडते. वल्लभाचार्यांचा जन्म १४७९ मध्ये इथल्या रानात झाला असे त्यांच्या पुष्टिमार्गाची परंपरा सांगते. काशीहून भीतीने बाहेर पडलेले तेलुगू दांपत्य, वाटेत अकाली झालेले मूल, ते मृत समजून शमीच्या झाडाखाली ठेवणे आणि परत येऊन पाहतात तो भोवती अग्नीचे रिंगण व आत खेळते बाळ, ही कथा चंपारणला येणाऱ्या वैष्णवांना तोंडपाठ असते. त्या बाळाने पुढे जे तत्त्वज्ञान मांडले, त्यात जग मिथ्या नाही. जग हे ब्रह्माचेच रूप आहे, ब्रह्मात विकार न होता प्रकटलेले, म्हणून ते सत्य आहे. मग खोटे काय? वल्लभाचार्य जगत् आणि संसार यांत भेद करतात. जगत् ईश्वराचे कार्य आणि खरे. संसार जीवाने अज्ञानाने रचलेला, मी आणि माझे या दोन खांबांवर उभा, आणि ज्ञान होताच नाहीसा होणारा. मायावादाशी लढताना केलेली ही विभागणी आहे, आणि तिची धार आजही बोथट झालेली नाही. समोर जे घडते आहे ते नाकारू नका, त्याविषयी जो दावा केला जातो तो तपासा, असे ती शिकवते.

एम्युलेटरमधल्या यंत्राचा दावा तपासून पाहण्याजोगा आहे. त्याला तू कोण असे विचारले की ते सांगते, मी रास्पबेरी पाय ३ मॉडेल बी. लॅपटॉपचा, इंटेलचा, खिडकीत उघडलेल्या इतर दहा गोष्टींचा त्याला पत्ता नसतो. हे उत्तर त्याला कुठून मिळाले? सुरू होताना त्याच्या हाती डिव्हाइस ट्री नावाची एक छोटी फाइल दिलेली असते. त्यात यंत्राचे नाव, कोणता भाग कुठे आहे, कोणत्या पत्त्यावर काय मिळेल, हे सगळे लिहिलेले असते. कर्नल ते वाचतो आणि तेच आपले स्वरूप मानतो. इथवर वाचणारा म्हणेल, नकली यंत्राला नकली ओळख दिली, त्यात नवल ते काय. नवल पुढेच आहे. खऱ्या बोर्डवरही हेच होते. तिथे आधी ग्राफिक्स प्रोसेसर जागा होतो, कार्डवरची तशीच फाइल उचलतो आणि मग आर्म प्रोसेसरला उठवून ती त्याच्या हाती देतो. खऱ्या बोर्डलाही आपण कोण हे आपल्या आतून कळलेले नसते, कुणीतरी लिहून दिलेले असते. कर्नलला अहंकार नाही, हे उघड आहे. जीवाची उपमा त्याला फार ताणून लावता येणार नाही. पण ओळख बाहेरून येते आणि आतली वाटते, एवढा भाग मात्र दोन्ही यंत्रांत तंतोतंत सारखा आहे.

बोर्डला वेळही बाहेरूनच कळते. रास्पबेरी पाय ५ येईपर्यंत कोणत्याच मॉडेलवर बंद असतानाही चालणारे घड्याळ नव्हते. बंद होताना ऑपरेटिंग सिस्टिम शेवटची वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवते, पुन्हा सुरू झाल्यावर तिथूनच मोजू लागते आणि इंटरनेट मिळाले की दुरुस्त करते. चार दिवस बंद असलेल्या बोर्डला, जाळे नसेल तर, ते चार दिवस गेलेच नाहीत असे वाटते.

रायपूरहून महानदीच्या काठावरच्या सिरपूरला गेले की या विचाराला आणखी एक कड मिळते. महाशिवगुप्त बालार्जुन राजाची आई वासटा हिने बांधवलेले विटांचे लक्ष्मण मंदिर तिथे उभे आहे, आणि १९५० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी पुरातत्त्वज्ञाने उत्खननात उजेडात आणलेला आनंदप्रभ कुटी विहारही आहे. सातव्या शतकात दक्षिण कोसलात आलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगने या देशाशी बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचे नाव जोडले आहे. कोसलाची त्या वेळची राजधानी सिरपूर असावी असे अनेक विद्वान मानतात. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी मात्र ती आजच्या चंद्रपूरच्या बाजूला शोधली होती. नागार्जुनाचा काळ विहारांच्या आधीचा, त्यामुळे त्या विटांत त्याची पावले शोधण्यात अर्थ नाही. त्याचा विचार मात्र इथल्या भिक्षूंच्या परंपरेचा कणा होता: जे जे उत्पन्न होते ते दुसऱ्या कशाच्या तरी आधाराने होते, म्हणून कशालाच स्वतःचा असा स्वभाव नाही, आणि स्वभाव नाही याचा अर्थ ते अस्तित्वातच नाही असा होत नाही.

लॅपटॉपमधला बोर्ड लॅपटॉपच्या आधाराने आहे म्हणून तो दुय्यम, असे म्हणणाऱ्याला नागार्जुन विचारील, टेबलावरचा बोर्ड कशाच्या आधाराने आहे? पाच व्होल्टचा वीजपुरवठा, कार्ड, कार्डवरची फाइल, ग्राफिक्स प्रोसेसरने दिलेली हाक, यांतले एक काढले तर तो हिरवी पट्टी होऊन पडतो. तेव्हा एकात यंत्रपणाचा गाभा आहे आणि दुसऱ्यात नाही, असा भेद टिकत नाही. भेद आहे तो संबंधांचा. टेबलावरचा बोर्ड रायपूरच्या हवेला जोडलेला आहे, भिंतीतल्या विजेला जोडलेला आहे, चाळीस पिनांमधून दिव्याला किंवा पंपाला जोडता येतो. एम्युलेटरमधल्या बोर्डचे हे धागे तुटलेले आहेत. त्याच्या पिना कुठल्याच तारेपर्यंत पोचत नाहीत, आणि २५ अंश हा त्या तुटलेल्या धाग्याच्या जागी मारलेला एक टाका आहे. खरेपणा यंत्राच्या अंगात शोधण्याऐवजी त्याच्या संबंधांत शोधला, तर कोडे बरेचसे सुटते: ज्या ज्या बाबतीत संबंध शाबूत आहेत त्या त्या बाबतीत हे यंत्र खरे, जिथे नाहीत तिथे नाही.

बरेचसे सुटते, पूर्ण नाही. कर्माचा प्रश्न उरतोच.

खऱ्या बोर्डच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात. घाईत एखाद्या पिनेला ५ व्होल्ट दिले की ती जळू शकते, कधी अख्खी चिप जाते, आणि मग कितीही पश्चात्ताप केला तरी ती परत येत नाही. एम्युलेटरमध्ये पश्चात्तापाची गरज नाही. यंत्राची या क्षणाची अवस्था साठवून ठेवता येते, मग वाटेल ते करावे, कर्नल मोडावा, सगळ्या फाइली पुसाव्यात, आणि एका आज्ञेने मागच्या अवस्थेला परतावे. केलेले न केलेले होते. शिकणाऱ्याला हे मोठे वरदान आहे. चुकीची भीती गेली की माणूस धीटपणे शिकतो. पण ज्याचे फळ पुसून टाकता येते त्याला कर्म म्हणायचे का?

रायपूर जिल्ह्यातल्या आरंगला भांड देवल नावाचे जुने जैन मंदिर आहे. जैन परंपरेत हिंसेचे दोन भाग मानतात, प्रत्यक्ष घडलेली द्रव्यहिंसा आणि मनातली भावहिंसा. या भेदावर उभी असलेली यशोधर राजाची कथा राष्ट्रकूट तिसरा कृष्ण राज्य करत असताना, इ.स. ९५९ मध्ये, सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलक’ या चंपूत विस्ताराने सांगितली. राजाला अशुभ स्वप्न पडते. आई म्हणते, देवीला पशुबळी दे. राजाला जीव घ्यायचा नाही, म्हणून तडजोड निघते: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. रक्त नाही, प्राण नाही, नुसते पीठ. पुढे राजा आणि आई दोघेही विषप्रयोगाने मरतात आणि मोर, कुत्रा, मासा, बोकड अशा योनींतून फिरत राहतात. शेवटी खरेच कोंबडे होऊन मारले जातात, तेव्हा कुठे सुटकेची वाट दिसते. कोणाचाही जीव न घेणाऱ्या घावासाठी इतकी कठोर शिक्षा पाहून आधुनिक वाचक चमकतो. कथेचे म्हणणे मात्र सरळ आहे. सुरी उगारताना राजाच्या मनात कोंबडा होता, पीठ नव्हते.

हजार वर्षांपूर्वी अनुकरणावर केलेल्या कृतीचा इतका थेट विचार दुसरीकडे क्वचितच झाला असेल, आणि तो आज अगदी व्यवहाराचा झाला आहे. बरीच वर्षे रास्पबेरी पायमध्ये एकच ठरलेले नाव आणि एकच ठरलेला पासवर्ड येत असे, आणि अनेक जण तो बदलत नसत. २०१७ मध्ये हीच फट शोधून बोर्डांत शिरणारा आणि त्यांना आभासी चलन खणायला जुंपणारा एक घातक प्रोग्रॅम सापडला. त्याआधी, २०१६ मध्ये, मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच ठरलेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. रास्पबेरी पायने ते ठरलेले खाते २०२२ मध्ये काढून टाकले. अशा प्रोग्रॅमचा अभ्यास करणारे सुरक्षा संशोधक तो खऱ्या बोर्डवर सहसा सोडत नाहीत. क्यूएमूसारख्या एम्युलेटरमध्ये सोडतात, काय करतो ते पाहतात, आणि मागच्या अवस्थेला परततात. आता समजा, दुसरा कोणी नेमका तोच प्रोग्रॅम तशाच एम्युलेटरमध्ये चालवतो आहे, पण तो अधिक धारदार व्हावा म्हणून. दोन्ही लॅपटॉपमध्ये एक एक बिट सारखा आहे. दोन्हीकडे कोणाचेही नुकसान झालेले नाही, दोन्हीकडे सगळे पुसले जाणार आहे.

नागार्जुनाच्या मदतीने आपण संबंध मोजत गेलो, तर इथे यंत्राबाहेर जाणारा एकही धागा दोघांना वेगळे करत नाही. वेगळा आहे तो यंत्राकडून माणसाकडे येणारा धागा, आणि आधीच्या मोजणीत तो धरलाच नव्हता. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात व्हायरस घालण्याला हरकत घेतो. स्वतःच्या लॅपटॉपमध्ये स्वतःच उभ्या केलेल्या यंत्राचा मालक आपणच असतो, तिथे त्या कलमाला पकड मिळत नाही. सोमदेवसूरींच्या कथेला मिळते. एम्युलेटरमध्ये यंत्राची अवस्था मागे नेता येते, पण समोर बसलेल्याचा सराव, त्याने आत्ताच शिकलेली युक्ती, त्याच्या मनात पक्का झालेला बेत यांतले काहीच त्या आज्ञेने मागे जात नाही. संशोधकाचेही तसेच: त्याला कळलेली तोड त्याच्यापाशी राहते, तो ती लिहून काढतो, इतरांना देतो. म्हणूनच काळजीपूर्वक काम करणारा माणूस असा प्रोग्रॅम उघडण्याआधी पाहुण्या यंत्राचे बाहेरचे जाळे तोडतो, आपण काय आणि कशासाठी उघडतो आहोत याची तारीखवार नोंद ठेवतो, आणि ती नोंद एम्युलेटरच्या बाहेर, जिथे मागची अवस्था परत आणता येत नाही, अशा ठिकाणी लिहितो.